प्रेस फिट हबखाली शाफ्ट का तुटतो, आणि तो तुटू नये म्हणून काय करायचं

हब, पुली, गियर, बेअरिंगची आतली रिंग, मोटरच्या रोटरचं स्टॅम्पिंग असं काहीही शाफ्टवर दाबून बसवलेलं असलं आणि शाफ्ट तुटला, तर तो बहुतेक वेळा त्या भागाच्या कडेपाशी तुटतो. नीट पाहिलं तर बरोबर कडेवरही नाही, किंचित आत. तुकडे भोसरीच्या नाहीतर चाकणच्या एखाद्या शेडमध्ये टेबलावर येतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मटेरियल हलकं होतं, आता ईएन २४ मध्ये करा." मग महाग बार येतो, हीट ट्रीटमेंट होते, आणि नवा शाफ्टही थोडा जास्त चालून त्याच जागी जातो. बार बदलण्याआधी ती कड बदलायला हवी. कशी, ते पुढे दिलं आहे. सोबत हिशेब आहे, कारण हिशेबाशिवाय ही गोष्ट मालकाला पटत नाही.

कडेपाशी नेमकं काय चालतं

टाइट हब शाफ्टला चहूबाजूंनी आवळतो. हबच्या मध्यभागी हा दाब एकसारखा असतो, कडेला मात्र तो एकदम वर चढतो आणि पुढे शून्य होतो. एवढ्यानेही ताण वाढला असता, पण खरा घात दुसरीकडून होतो. बेंडिंगमध्ये फिरणाऱ्या शाफ्टचा पृष्ठभाग प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. हब जाड आणि ताठ. तो शाफ्टबरोबर तितका ताणला जात नाही. त्यामुळे कडेपासून काही मिलिमीटरांच्या पट्ट्यात दोन पृष्ठभाग एकमेकांवर मागेपुढे सरकत राहतात. हे सरकणं मायक्रॉनमधलं असतं. साधारण ५ ते ५० मायक्रॉनची घसट सगळ्यात वाईट. त्याहून कमी असेल तर फारसं बिघडत नाही, आणि बरीच जास्त असेल तर पृष्ठभाग झिजताना सुरुवातीच्या बारीक चिराही घासून जातात. मधल्या पट्ट्यात मात्र धातूचे उंचवटे एकमेकांना चिकटतात, फाटतात, पुन्हा चिकटतात, आणि तिथेच चीर धरते. यालाच फ्रेटिंग म्हणतात.

हब उतरवल्यावर ही जागा ओळखू येते. कडेजवळ तांबूस-तपकिरी पावडरीचा पट्टा, त्याच्या आत दोन-चार मिलिमीटर रुंद करडा, खरबरीत, टोचे पडल्यासारखा भाग, आणि त्याच्याही आत ग्राइंडिंगची मूळ चमक जशीच्या तशी. तांबूस पावडर म्हणजे पाणी शिरून आलेला गंज, असं समजून ती पुसून टाकू नका. कोरड्या जागी, तेल लावलेल्या फिटमध्येही ती येते.

चिरेला वेळही फार लागत नाही. १४४० आरपीएमवर शाफ्ट दिवसाला सुमारे २० लाख ७० हजार फेरे मारतो, म्हणजे १ कोटी फेरे पाच दिवसांच्या आत होतात. साध्या नमुन्यात १ कोटी फेरे टिकलेलं स्टील पुढेही टिकेल असं आपण धरतो. फ्रेटिंग असताना हा भरवसा राहत नाही, त्यानंतरही चीर वाढू शकते. 'महिनाभर चालला, म्हणजे डिझाइन बरोबर' या वाक्याला म्हणून अर्थ नाही.

आजार जुना आहे. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीचा एक्सल तुटून मोठा अपघात झाला, आणि पुढे ऑगस्ट व्होलर यांनी फटीगच्या, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या ताणाने हळूहळू तुटण्याच्या, अभ्यासाचा पाया घातला तो रेल्वेच्या एक्सलवर चाचण्या करूनच. एक्सलवर चाक आजही दाबूनच बसवतात, त्यामुळे या विषयातलं पक्कं ज्ञान बरंचसं तिथूनच आलेलं आहे.

किती ताकद जाते

जर्मन डीआयएन ७४३ मानकात टाइट प्रेस फिटसाठी एक सोपं सूत्र आहे. बेंडिंगचा खाच-गुणक (फटीग ताकद किती पटीने घटते तो आकडा) = २.७ × (स्टीलची टेन्साइल ताकद ÷ १०००) चा ०.४३ वा घात; ताकद मेगापास्कलमध्ये घ्यायची. पिळासाठी, म्हणजे टॉर्शनसाठी, आलेल्या आकड्याच्या ०.६५ पट. ६०० मेगापास्कलच्या स्टीलला बेंडिंगमध्ये हा गुणक सुमारे २.२ येतो, ९०० ला २.६, १२०० ला २.९.

याचा अर्थ बघा. गुळगुळीत स्टीलची फटीग मर्यादा टेन्साइल ताकदीच्या अर्धी धरली, तर ६०० च्या स्टीलला ३०० भागिले २.२, म्हणजे १३६ मेगापास्कल उरतात. ९०० च्या स्टीलला ४५० भागिले २.६, म्हणजे १७३. ताकद दीडपट झाली, पण हबखाली फायदा जेमतेम सव्वापट. ईएन ८ (साधं कार्बन स्टील) वरून ईएन २४ (मजबूत मिश्र स्टील) वर जाताना होणारा खर्च याच फरकासाठी असतो. तोच खर्च सीटचा (शाफ्टवर हब बसतो त्या भागाचा) व्यास वाढवण्यात आणि ती सीट रोलरने दाबून घेण्यात, म्हणजे रोलिंगमध्ये, घातला तर कितीतरी जास्त मिळतं.

रेल्वेचे युरोपीय आकडेही हेच सांगतात. ईए१एन या नेहमीच्या एक्सल स्टीलला मोकळ्या भागावर २०० मेगापास्कलची फटीग मर्यादा धरतात, चाकाच्या सीटखाली १२०. स्टील तेच, एक्सल तोच, फक्त जागा वेगळी.

एक हिशेब, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा ५० मिमी व्यासाचा सरळ शाफ्ट आहे, ईएन ८ चा, टेन्साइल ६०० मेगापास्कल. दोन बेअरिंगच्या मध्ये हब दाबून बसवला आहे आणि त्याच्या कडेशी बेंडिंग मोमेंट १००० न्यूटन-मीटर आहे.

बेंडिंग ताण = ३२ × मोमेंट ÷ (३.१४ × व्यासाचा घन). मोमेंट न्यूटन-मिलिमीटरमध्ये घेतला की ताण येतो सुमारे ८१ मेगापास्कल. ऐकायला कमी वाटतो. आता सहनशक्ती: ३०० ला आकाराचा गुणक ०.८५ लावा आणि २.२ ने भागा, ११६ येतात. पृष्ठभागाच्या फिनिशचा गुणक इथे वेगळा लावायचा नाही. फ्रेटिंग तो पृष्ठभाग नाहीतरी खरवडणारच आहे, आणि प्रेस फिटचा गुणक चाचण्यांवरून आलेला असल्याने त्यात हे धरलेलं आहे. ११६ भागिले ८१, सुरक्षितता १.४. बेल्ट जरा जास्त ताणला, अलाइनमेंट जरा हललं, की संपली. अशा कामाला निदान १.८ ते २ हवीच.

आता फक्त हबखालचा भाग ५६ मिमी करा, बाकी शाफ्ट ५० चाच ठेवा. व्यासाचं गुणोत्तर १.१२ झालं, त्याचा घन १.४. हबखालचा ताण ८१ वरून ५८ वर आला आणि सुरक्षितता २ झाली. पण ५६ वरून ५० वर उतरताना खांदा तयार झाला, तिथला रेडियस (कोपऱ्याची गोलाई) आता तपासायला हवा. ५ मिमी रेडियसला ताण साधारण १.६ पट वाढतो, १० मिमीला १.४ पट. फटीगमध्ये प्रत्यक्षात याहून थोडं कमी भोगावं लागतं, म्हणून १.५ आणि १.३३ धरू. मोकळ्या भागाला मशीनिंगच्या फिनिशचा ०.८५ मात्र लावायचा: ३०० × ०.८५ × ०.८५ ÷ १.३३ = १६३. भागिले ८१, सुरक्षितता २. ५ मिमी रेडियसवर हीच १.८ च्या आत येते. दोन्ही जागा सारख्या ताकदीच्या झाल्या की काम जमलं. एकच जागा फार मजबूत केली तर शाफ्ट दुसऱ्या जागी तुटतो, एवढंच.

टॉर्क सतत एकसारखा असेल तर त्याचा फटीगवर फार भार पडत नाही. वारंवार सुरू-बंद होणाऱ्या मशीनवर, पॉवर प्रेसवर, किंवा फॉरवर्ड-रिव्हर्स चालणाऱ्या ड्राइव्हवर मात्र पिळाचा वेगळा हिशेब मांडून तो बेंडिंगमध्ये मिळवावा लागतो.

सीटचा आकार

गुणोत्तर १.१ ते १.१५ च्या दरम्यान ठेवा. १.०५ च्या खाली फायदा नावापुरता. १.१५ च्या वर गेलात तर बार मोठा घ्यावा लागतो, मटेरियल चिप्समध्ये जातं आणि खांदा अवघड होतो.

हबची कड कुठे संपते, हे मात्र ड्रॉइंगवर बहुधा कोणी लिहीत नाही, आणि तेच सर्वात महत्त्वाचं आहे. ५६ ची सीट जिथे संपते आणि रेडियस उतरायला लागतो, त्या रेषेच्या हबची कड १ ते ३ मिमी पुढे यायला हवी. म्हणजे कडेखाली धातूला धातू दाबतच नाही, दाब हळूहळू ओसरतो. हब सीटच्या अलीकडेच संपला आणि पुढे ५६ चा सपाट भाग दोन-तीन मिलिमीटर उघडा राहिला, तर सगळा खटाटोप अर्धा वाया. हे चुकतं ते बहुतेक लांबीच्या टॉलरन्समुळे: हबच्या लांबीला ±०.५, सीटच्या लांबीला ±०.५, वर दाबताना एक मिलिमीटर इकडे-तिकडे. ओव्हरहँग (हबची कड सीटच्या जितकी पुढे येते ते अंतर) म्हणूनच असेंब्लीनंतर मोजायचं माप म्हणून लिहा.

हबच्या बाजूनेही थोडं करता येतं. बोअरच्या (हबच्या भोकाच्या) तोंडाला धारदार कोपरा नको, १ ते २ मिमीचा रेडियस द्या. हबच्या फेसवर, बोअरभोवती पाच-सहा मिलिमीटरची भिंत सोडून चार-पाच मिलिमीटर खोल गोल खोबण काढली, तर कडेची भिंत लवचिक होते आणि टोकाचा दाब उतरतो. लेथवर दहा मिनिटांचं काम आहे. कास्ट आयर्नच्या हबला ही खोबण नको, पातळ भिंतीला तडा जातो.

आता जे मुळीच करायचं नाही ते. हबखाली सेट स्क्रूसाठी शाफ्टला खड्डा नको. कडेजवळ सर्क्लिपची खोबण नको. सीटवर पंचाने पार्ट नंबर नको. नंबर शाफ्टच्या टोकाच्या फेसवर मारा. आणि चावी (हब फिरू नये म्हणून खाचेत, म्हणजे चावीघरात, बसवतात ती की)? प्रेस फिट पुरेसा असेल तर चावी लावूच नका. ६०० च्या स्टीलला एकट्या चावीघराचा गुणक अडीचच्या जवळ जातो. चावी लावावीच लागली तर चावीघराचं टोक हबच्या कडेच्या रेषेत येऊ देऊ नका, किमान व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढं आत संपवा. कोपऱ्यात रेडियस ठेवा. झिजलेल्या एंड मिलने काढलेलं चावीघर आणि त्यात हातोड्याने ठोकलेली चावी ही जोडी शाफ्ट हमखास तोडते.

फिट निवडताना

एच७, एस६ ही टॉलरन्सच्या वर्गांची नावं. ५६ मिमीला एच७ बोअर म्हणजे ० ते +३० मायक्रॉन. एस६ शाफ्ट म्हणजे +५३ ते +७२. इंटरफिअरन्स, म्हणजे शाफ्ट बोअरपेक्षा जितका मोठा तो फरक, निघतो २३ ते ७२ मायक्रॉन. यातून खडबडीतपणा दबून जातो तो वजा करायचा: दोन्ही पृष्ठभागांच्या आरझेडच्या (खडबडीतपणाच्या उंचीचं माप, मायक्रॉनमध्ये) बेरजेचा ०.८ पट. शाफ्ट ४ आणि बोअर ६ असेल तर ८ मायक्रॉन गेले.

स्टीलचा हब आणि भरीव शाफ्ट असेल तर दाब = २,०६,००० × इंटरफिअरन्स ÷ (२ × व्यास) × (१ − व्यासाचा वर्ग ÷ हबच्या बाहेरच्या व्यासाचा वर्ग). हब ११२ मिमीचा आणि ५० मिमी लांब, घर्षण ०.१२ धरलं, तर दाबण्याचा जोर असा येतो: सगळ्यात ढिली जोडी २.२ टन, मधली जोडी (५० मायक्रॉन) ६.२ टन, सगळ्यात टाइट ९.५ टन. ढिली जोडी सुमारे ६०० न्यूटन-मीटर टॉर्क घेईल, मधली १७०० च्या आसपास.

ड्रॉइंग एकच, दोन्ही भाग क्यूसीमध्ये पास, आणि तरी चौपटीचा फरक! एका मशीनवर हब सरकतो आणि शेजारच्या मशीनवर हबला तडा जातो, याचं कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं. पाच-दहा नगांच्या कामात यावर साधा उपाय आहे. बोअर आधी पूर्ण करून मोजा, आणि त्या मापाला धरून शाफ्ट ग्राइंड करा. बोअर ५६.०२२ आला तर शाफ्ट ५६.०६७ ते ५६.०७२. ग्राइंडरवाल्याला हे अवघड नाही, फक्त त्याला बोअरचं माप चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं.

'अजून टाइट करा म्हणजे घसटच होणार नाही' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. थोडा खरा आहे: हब ढिला असेल तर आधी तो टाइट करायलाच हवा. पण एका मर्यादेपुढे दाब वाढवून शाफ्टची फटीग ताकद वाढत नाही. कडेचा ताण वाढतो, हबची भिंत यील्ड होते, आणि दाबतानाच सीट ओरखडली जाते.

मोजताना एक खबरदारी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशांत उन्हाकडे ठेवलेला हब आणि सावलीतला शाफ्ट यांच्यात १० अंशांचा फरक सहज पडतो. ५६ मिमीवर तो सुमारे ७ मायक्रॉनचा होतो. दोन्ही भाग मोजण्याआधी तीन-चार तास एकाच टेबलावर, मायक्रोमीटर आणि सेटिंग रिंगसकट ठेवा. शाफ्ट तीन जागी आणि प्रत्येक जागी ९० अंशांत दोनदा मोजा. बोअरगेज रिंगवर सेट करा, मायक्रोमीटरच्या दोन तोंडांत धरून नाही. सीटमध्ये टेपर ५ मायक्रॉनच्या आत हवा, आणि जो काही असेल तो हब आत शिरतो त्या बाजूला बारीक होणारा.

रोलिंग: सगळ्यात स्वस्त इलाज

फ्रेटिंग होणारच, बारीक चिराही पडणार. त्या वाढू द्यायच्या नाहीत, हे या इलाजामागचं तत्त्व. पृष्ठभागाखाली दाबाचा ताण आधीच भरून ठेवला तर चीर काही दशांश मिलिमीटर जाऊन थांबते. नीट केलेल्या डीप रोलिंगने सीटची फटीग ताकद दुपटीच्या जवळ जाऊ शकते. मोठ्या रेल्वे एक्सलवर हे कित्येक दशकं करतात. आपल्याकडे मात्र लहान जॉब शॉपमध्ये 'रोलर बर्निशिंग' म्हणून जे होतं, ते बहुधा फक्त चमक आणण्यापुरतं असतं. चमक आली म्हणजे खोलवर ताण भरला असं नाही. दाबाच्या ताणाची खोली किमान एक मिलिमीटर हवी. त्यासाठी रोलर कडक, तोंडाला रेडियस असलेला, आणि हायड्रॉलिकने किंवा स्प्रिंगने ठराविक जोरात दाबलेला लागतो. फीड फेऱ्याला ०.१ ते ०.३ मिमी, म्हणजे पट्टे एकमेकांवर चढतील. जोर किती, हे त्याच बारच्या तुकड्यावर ठरवा: जोर वाढवत जा, पृष्ठभागाचे पापुद्रे सुटायला लागले की जास्त झालं.

पट्टा कुठून कुठपर्यंत? हबच्या कडेच्या आत निदान १५ मिमीपासून सुरू करून रेडियस ओलांडून ५० च्या भागावर थोडं पुढेपर्यंत. मध्ये थांबायचं नाही. रोलिंगनंतर माप आणायला व्यासावर दोन-तीन शतांशापेक्षा जास्त ग्राइंड करू नका, नाहीतर भरलेला ताण चाकाबरोबर निघून जातो. क्रम असा: हीट ट्रीटमेंट, फिनिश ग्राइंडिंग, रोलिंग, मग हलकं पॉलिश. रोलिंगनंतर शाफ्ट तापवणं बंद.

इंडक्शन हार्डनिंगनेही हाच परिणाम मिळतो. ईएन ८ आणि ईएन १९ (क्रोम-मॉलिब्डेनमचं मिश्र स्टील) दोन्हीला चालतं. ५० च्या शाफ्टला दोन-तीन मिलिमीटर खोली पुरते. पण कडक थर जिथे संपतो तिथे ओढीचा ताण उरतो. तो शेवट हबच्या कडेखाली किंवा रेडियसमध्ये आला तर हार्डनिंग न केलेला शाफ्ट बरा म्हणायची वेळ येते. हीट ट्रीटमेंटवाल्याला नुसता 'एचआरसी ५०-५५' हा कडकपणाचा आकडा न लिहिता थर कुठे सुरू आणि कुठे संपतो याचं स्केच द्या. नायट्रायडिंग चांगलं, विकृती कमी, पण वेळ आणि पैसे जास्त.

बसवताना

शाफ्टच्या शिरणाऱ्या तोंडाला ५ अंशांचा चॅम्फर, लांबी तीन-चार मिलिमीटर. ४५ अंशांचा चॅम्फर दिसायला नीट, पण तो रंध्याच्या पात्यासारखा बोअर खरवडतो. सीटला मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट पातळ चोळा. ती ओरखडे वाचवते आणि सुरुवातीचं फ्रेटिंगही कमी करते. मात्र घर्षण घटल्याने टॉर्कची क्षमता कमी होते, तिचा हिशेब ०.१२ ऐवजी ०.०८ ने करा. हायड्रॉलिक प्रेसचा वेग सेकंदाला २ मिमीच्या आत. घण नको, कारण ठोक्याने हब वाकडा शिरतो आणि एका बाजूला सीट चिरते.

गेजवर नजर ठेवा. जोर सरळ रेषेत चढायला हवा. वरच्या हिशेबातल्या मधल्या जोडीत ०.१२ घर्षणाला अर्ध्या लांबीला तीन टनांच्या आसपास, शेवटी सहा; पेस्ट लावली असेल तर दोन आणि चार. मध्येच उडी मारली आणि कर्कश आवाज आला तर गॉलिंग (पृष्ठभाग चिकटून ओरबाडले जाणं) सुरू झालं, थांबा आणि उतरवा. शेवटच्या तिसऱ्या भागात जोर वाढेनासा झाला तर टेपर उलटा आहे. शेवटचा आकडा जॉब कार्डवर लिहा. गेज किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर दाखवत असेल तर रॅमच्या क्षेत्रफळाने गुणायला विसरू नका. दाबून बसवलेल्या जोडाला पूर्ण भार देण्याआधी एक दिवस तसाच ठेवावा.

तापवून बसवणं शाफ्टसाठी जास्त चांगलं, कारण सीट ओरखडतच नाही. ७२ मायक्रॉन इंटरफिअरन्स, वर सरकायला ५६ मायक्रॉन मोकळीक, असं धरलं तर हब शाफ्टपेक्षा १९० अंशांनी गरम हवा. शेड ३० वर असेल तर २२०. गॅस टॉर्चने नाही, ओव्हनमध्ये. बेअरिंगला १२० च्या वर नेऊ नका, आणि इंडक्शन हीटर वापरला तर शेवटी डीमॅग्नेटाइझ करा, नाहीतर लोखंडाचा चुरा चिकटतो. केस हार्डन केलेलं (फक्त वरचा थर कडक केलेलं) गियर २२० ला नेलं तर दात मऊ पडतील. ते १५० ला ठेवा आणि शाफ्ट ड्राय आइसमध्ये थंड करा; ५६ मिमीवर जेमतेम ५० मायक्रॉन मिळतात, पण दोन्ही मिळून भागतं. गरम हब खांद्याला टेकवून बसवायचा असेल तर थंड होऊन पकड घेईपर्यंत तो खांद्यावर दाबून धरा. नाहीतर थंड होताना तो खांद्यापासून सुटून अर्धा मिलिमीटर मागे येतो आणि ओव्हरहँगचं माप तिथेच बिघडतं.

तुटलेला तुकडा वाचणं

तुकडे एकमेकांना जोडून पाहू नका, तोंडं घासली जातात. केरोसीन आणि मऊ ब्रश वापरा, वायर ब्रश नको. चीर कडेच्या आत दोन ते पाच मिलिमीटरवर सुरू झाली आहे का, सुरुवातीला हबच्या आतल्या बाजूला तिरकी जाऊन मग आडवी झाली आहे का, हे पाहा. असेल तर फ्रेटिंगच. परिघावर बऱ्याच ठिकाणी छोट्या पायऱ्या दिसल्या तर चीर अनेक जागी एकदम सुरू झाली. ताण सगळीकडून जास्त होता. एकाच बाजूने सुरुवात असेल तर त्या बाजूचा ओरखडा, पंचाची खूण किंवा चावीघराचा कोपरा शोधा. शेवटी एकदम तुटलेला खडबडीत भाग लहान असेल तर भार कमी होता आणि शाफ्ट हळूहळू गेला. मटेरियल बदलून तिथे काही साधणार नाही. ४५ अंशांत पीळ घेतलेलं तोंड असेल तर टॉर्शनकडे बघा, हा लेख बाजूला ठेवा.

दुरुस्ती आणि तपासणी

ढिल्या सीटवर पंचाचे टोचे मारून किंवा नर्लिंग करून हब घट्ट बसवणं हा हडपसरपासून तळवड्यापर्यंत सगळीकडे चालणारा उपाय आहे. हब बसतो, आणि प्रत्येक टोचा चिरेची सुरुवात होतो. वेल्डिंगने भरून टर्निंग करणं त्याहून वाईट: ईएन १९ किंवा ईएन २४ मध्ये वेल्डशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि ओढीचा ताण राहतो. हार्ड क्रोमच्या थरातच बारीक चिरा असतात. लावायचाच असेल तर आधी शॉट पीनिंग आणि प्लेटिंगनंतर लगेच १९० अंशांच्या आसपास बेकिंग, नाहीतर हायड्रोजन आत राहतो.

त्यापेक्षा सीट व्यासावर ०.२ ते ०.३ मिमी ग्राइंड करून खराब झालेला थर काढा, मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट करा, एकही रेषा दिसली तर शाफ्ट भंगारात टाका. स्वच्छ असेल तर पुन्हा रोलिंग करा आणि त्या मापाचा नवा हब लावा. भार हलका असेल तर सरकत्या फिटमध्ये लॉकटाइटसारखा रिटेनिंग कंपाउंड चालतो. तो फट भरतो, म्हणून फ्रेटिंगही रोखतो. तेलकट पृष्ठभागावर आणि १५० अंशांच्या वर मात्र त्याच्यावर अवलंबून राहू नका.

चालू मशीनवर अडचण एकच: चीर हबखाली असते, ती डोळ्यांना किंवा मॅग्नेटिक टेस्टला दिसत नाही. हब उतरवल्याशिवाय पाहायचं तर अल्ट्रासॉनिक. शाफ्टच्या टोकाच्या फेसवरून सरळ प्रोब, आणि ५० च्या मोकळ्या भागावरून ४५ अंशांचा प्रोब हबच्या कडेच्या दिशेने. घट्ट प्रेस फिटच्या कडेवरूनही एक प्रतिध्वनी येतो आणि नवखा माणूस त्यालाच चीर समजतो. म्हणून त्याच शाफ्टचा एक भंगार तुकडा घ्या, सीटवर कडेच्या आत ३ मिमीवर १ मिमी खोल खाच पाडा, हब बसवा, आणि त्याच्यावर मशीन सेट करायला सांगा. चिंचवड-भोसरी पट्ट्यात एनडीटीवाले (भाग न तोडता चिरा तपासणारे) भरपूर आहेत; असा नमुना पुढे केला की कोणाला हे काम येतं ते पाच मिनिटांत कळतं. शाफ्टचे दोन्ही फेस सपाट आणि स्वच्छ हवेत, सेंटर ड्रिल शक्य तितकं लहान. नवीन शाफ्ट बनवतानाच टोकाचा फेस टर्न करून ठेवा, नाहीतर तपासणीच्या दिवशी ग्राइंडर शोधत बसावं लागतं.